माझ्या नावाचा मिक्सर

साहेबांनी आत बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर एक लांबट पाकीट पडलं होतं आणि त्या पाकिटाला खिडकी होती. पाकिटाला खिडकी असते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खिडकीतून साहेबांच्या हुद्द्याखाली माझं नाव दिसत होतं. इंग्रजीत, टाइप केलेलं, एकही चूक नसलेलं.

“बसा,” साहेब म्हणाले.

साहेब कधी बसा म्हणत नसत. मी उभाच राहिलो.

“मुंबईच्या बँकेचं क्रेडिट कार्ड आहे तुमच्याकडे?”

“नाही साहेब.” आणि मग खरंच कळेना म्हणून विचारलं, “काय असतं ते?”

साहेबांनाही नीटसं ठाऊक नसावं. त्यांनी हेडक्लार्कना हाक मारली. आमचे हेडक्लार्क निवृत्तीला टेकलेले, पण प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असायचं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पत्र डोळ्यांशी धरलं.

“रेशनकार्डासारखंच काहीतरी दिसतंय साहेब. दाखवायचं आणि वस्तू न्यायची.”

“आणि पैसे?”

“पैसे मागाहून.”

“मग रेशनकार्ड कसलं? ही तर वाण्याची वही झाली.”

“वाणी निदान तोंड बघून उधार देतो साहेब. इथं तेवढंही नाही.”

मी हसलो. ते हसू मला आजही आठवतं, कारण ते तोंडावर असतानाच साहेबांनी पत्र माझ्याकडे फिरवलं आणि खालचा आकडा दाखवला. माझ्या सात महिन्यांच्या पगाराएवढा होता. सहा महिने मी एक पैसा भरला नव्हता, म्हणून बँक कायदेशीर इलाज करणार होती आणि मी जिथे नोकरी करतो तिथल्या वरिष्ठांना कळवत होती.

“सरकारी नोकरानं कर्जबाजारी असून चालत नाही,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “तुम्हाला कायम करायचा कागद हा बघा इथं आहे.” तो खरोखरच तिथे होता, त्या पाकिटाच्या खाली. “मुंबईला जा. हे तुमचं नाही असं बँकेचं पत्र आठ दिवसांत आणा. नाहीतर हा कागद वर पाठवायला माझा हात धजणार नाही.”

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. तेव्हा रत्नागिरीत रेल्वे नव्हती, आणि क्रेडिट कार्ड डोळ्यांनी पाहिलेला माणूस आमच्या कचेरीत तरी नव्हता. माझं वय तेहतीस, पदरी एक मुलगी. पाच वर्षं मी ‘तात्पुरता’ कारकून होतो. तो कागद वर जाणं किंवा न जाणं, यावर आमच्या घराचं सगळं अवलंबून होतं.

संध्याकाळी घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात मिक्सरवर खोबरं वाटत होती. मिक्सर माझ्या धाकट्या भावानं गणपतीत मुंबईहून आणला होता. पांढरा, तीन भांड्यांचा. आणला त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि आळीतल्या बायका येऊन बघून गेल्या होत्या. चालू झाला की घरात दुसरं काही ऐकू येत नसे.

“काय झालं?” तिनं आवाजाच्या वरून विचारलं. “तोंड का असं?”

“मुंबईला जायचंय,” मी ओरडलो. “कचेरीचं काम.”

तिच्याशी बोललेली त्या प्रकरणातली ही पहिली खोटी गोष्ट. शेवटचीही हीच म्हणायला हवी, कारण त्यानंतर मी बोललोच नाही.

पत्रावर माझा राहण्याचा पत्ता म्हणून परळच्या खोलीचा पत्ता होता. ती खोली म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचं गाव पालीच्या पुढे, हमरस्ता सोडून आत. गावातले निम्मे पुरुष मुंबईत, आणि मुंबईत गावाची म्हणून एक खोली. एकाच खोलीत चौदा-पंधराजण, पाळीपाळीनं झोपायचे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक खुंटी. मीही तिथे चार वर्षं काढली, एका खाजगी कंपनीत लिहिण्याचं काम करत. खोली चालवत ते आमच्या भावकीतले एक काका. गिरणी बंद पडल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता. किल्ली त्यांच्याकडे, टपाल त्यांच्याकडे, आणि खोलीचं रेशनकार्ड त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कुलपात.

मला तिथे कावीळ झाली तेव्हा सव्वा महिना त्या माणसानं माझं सगळं केलं. मऊ भात भरवला, कपडे धुतले. माझ्या आईला पत्र लिहिलं ते ‘किरकोळ ताप आहे’ असं. हे मुद्दाम आधीच लिहून ठेवतो, पुढचं लिहायला मला सोपं जाऊ नये म्हणून.

रत्नागिरीत नोकरी लागली आणि खोली सोडायची वेळ आली, तेव्हा मी काकांना म्हटलं, “कार्डावरचं माझं नाव काढून टाका.”

“राहू दे रे,” काका म्हणाले. “नाव काय जेवायला बसतंय? साखर तरी येल.”

हे आमच्याकडे सगळेच करत. माणूस गावी परतायचा, नाव मुंबईत राहायचं आणि त्याच्या वाटणीची साखर नि रॉकेल मागे राहिलेल्यांच्या उपयोगी पडायचं. त्यात वाईट काही आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. मीही हो म्हटलं.

आणखी एक गोष्ट मी त्याच आठवड्यात केली. जुन्या कंपनीकडून माझे काही पैसे मनीऑर्डरनं खोलीवर यायचे होते. धाकटा नुकताच खोलीत राहायला आला होता. त्याला जवळ बसवून मी माझी सही शिकवली. वर्तमानपत्राच्या कडेला त्यानं ती पंधरा-वीस वेळा गिरवली. “खालची रेघ उलट्या बाजूनं ओढ,” मी सांगत होतो, “आणि शेवटी दोन ठिपके. पोस्टमन बघतो तेवढंच.” विसाव्या वेळेला ती माझ्यापेक्षाही बरी आली.

काका बिडी ओढत बघत होते. म्हणाले, “नाव कार्डात, सही भावाच्या हातात. मग मेल्या, तू चाललास कुठं?”

आम्ही तिघंही हसलो.

मुंबईत एसटीतून उतरलो तो खोलीवर न जाता सरळ बँकेत गेलो. चांगलं दिसावं म्हणून सफारी घातला होता, राखाडी रंगाचा, माझ्या आयुष्यातला पहिला. बँकेत इतका गारवा होता की घाम अंगावरच थिजला. समोर एक तरुण अधिकारी बाई होत्या. मराठीत बोलल्या, नीट बोलल्या. मी म्हटलं, “बाई, माझ्या नावाचा दुसरा कुणीतरी असणार.” एसटीत रात्रभर हेच वाक्य मी तयार केलं होतं.

त्यांनी फाइल उघडली. पहिला कागद अर्जाचा. त्यावर माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, माझी जन्मतारीख. दुसरा कागद माझ्या पगाराचा दाखला, आमच्या साहेबांच्या शिक्क्यासकट. तिसरा, खोलीच्या रेशनकार्डाची झेरॉक्स. चौदा नावं, त्यातल्या सातव्या नावाखाली निळी रेघ. आणि सगळ्यांच्या तळाशी सही. उलट्या बाजूनं ओढलेली रेघ, दोन ठिपके.

“ही तुमची सही नाही?” बाईंनी विचारलं.

सही माझी होती, पण मी केली नव्हती. असं वाक्य माणूस कसं म्हणणार?

दाखला पाहिला तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. वर्षभरापूर्वी धाकट्याचं पत्र आलं होतं. खोलीतल्या एकाला हप्त्यानं शिलाई मशीन घ्यायचंय, जामीन पाहिजे, पगाराचा दाखला पाठव. मी तो काढून शेजारच्या घरातल्या मुंबईला निघालेल्या माणसाच्या हाती दिला होता, जसा आम्ही सगळं देतो, आंब्याची पेटी, लोणच्याची बरणी, औषध. पण कळूनही न कळण्याची एक जागा माणसाच्या डोक्यात असते. मी तिथे उभा होतो.

“खरेदी ओळखू येते का बघा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पावत्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. पातळ कागद होते, कार्बनचे ठसे उमटलेले. काही दुकानदारांनी त्यावर वस्तूचं नाव हातानं लिहिलं होतं. “हॉटेलची बिलं आहेत बरीच. बूट आहेत. हा दादरच्या दुकानातला मिक्सर, तीन भांड्यांचा. ऑगस्टअखेर घेतलेला.”

“मिक्सर?”

“हो. आणि त्याच दिवशी समोरच्या दुकानातून सफारीचं कापड. राखाडी.”

मी माझ्या बाहीकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही, त्या पुढचं वाचत होत्या. ते कापड धाकट्यानं मिक्सरबरोबरच आणलं होतं. “दादा, कायम झालास की शिव,” म्हणाला होता. मी आधीच शिवला, आजच्यासाठी. माझ्या नावाची चोरी झाली अशी तक्रार द्यायला मी चोरीचाच कपडा घालून गेलो होतो. पाणी मागितलं, ते आलं, पण ग्लास उचलायला हात वर येईना. न जाणो, बाही दिसायची.

“घाबरू नका,” बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, रकमेला घाबरलो. “तुम्ही अर्ज केला नसेल तर तुमच्यावर काही येणार नाही. तसं लिहून द्या. आम्ही पोलिसांना कळवू. फक्त एक सांगा, कार्ड टपालानं या पत्त्यावर गेलंय. तिथलं टपाल कोण घेतं?”

या प्रश्नाला दोन उत्तरं होती. एक होतं: माझा भाऊ एका मोठ्या हॉटेलात कॅश काउंटरवर मदतनीस आहे, अशी कार्डं रोज त्याच्या हाताखालून जातात, आणि माझी सही त्याला मी शिकवली आहे. मी ते दिलं नाही.

मी म्हटलं, “टपाल आमचे एक काका घेतात. रेशनकार्डही त्यांच्याच ताब्यात असतं.”

“त्यांचं नाव लिहा.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं, कारकुनाचं. त्या अर्जात एकही वाक्य खोटं नव्हतं. टपाल काका घेत. कार्ड काकांच्या कुलपात असे. काका बेकार होते, हेही बाईंनी विचारल्यावरून लिहिलं. पंधरा मिनिटांत मला बँकेचं पत्र मिळालं की, चौकशी चालू असून तूर्त माझ्यावर जबाबदारी नाही. बाईंनी खाली उतरायचा जिनासुद्धा दाखवला.

हॉटेलच्या मागच्या दारी मी धाकट्याला गाठलं. कोट घातलेला, केस चापून बसवलेले. मला पाहिलं आणि त्याच्या लगेच लक्षात आलं.

“दादा, मी भरणार होतो. देवाशपथ.”

“कशातून?”

“होईल म्हटलं काहीतरी. रोज बघतो मी, लोक नुसतं कार्ड टाकतात नि उठून जातात. कुणी पैसे काढत नाही, कुणी मोजत नाही. मला वाटलं, एकदा आपणही...” मग एकदम चिडला. “आणि सगळं काय मी एकट्यानं खाल्लं? वहिनीला विचार मिक्सर कसा आहे. अंगातलं बघ तुझ्या.”

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आतून भांडी घासणारी माणसं बघत होती.

“कार्ड कुठाय?”

त्यानं पाकिटातून काढून दिलं. हिरवट रंगाचं, बोटाला लागतील अशी उठावाची अक्षरं. माझं नाव. मी ते दोन हातांनी मोडायला गेलो, तर ते नुसतं वाकलं आणि परत सरळ झालं. तसंच खिशात घातलं.

“काकांचं नाव गेलंय,” मी सांगितलं.

तो बघत राहिला. “कुठं गेलंय?”

“बँकेत. मी दिलंय.”

धाकट्याचा चेहरा असा पांढरा पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. “दादा, काका काय...” एवढंच म्हणाला. मग थांबला. मी वाट पाहिली. पुढचं वाक्य त्यानं बोलावं, ‘चल, परत जाऊ’, असं मला वाटत होतं; आणि तो बोलेल याची भीतीही वाटत होती. तोही बहुधा माझ्या बोलण्याची वाट पाहत होता. मग आतून त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. मी खोलीवर न जाताच रत्नागिरीची एसटी धरली. कार्ड पुढे भाट्याच्या पुलावरून खाडीत टाकलं.

साहेबांनी पत्र वाचलं, “सुटलात,” म्हणाले आणि कायम करायचा कागद त्याच दिवशी वर गेला. हेडक्लार्कनी माझ्याकडून पेढे घेतले.

मुंबईत काय झालं ते मला गावाकडून कळत गेलं. काकांना पोलिसांनी दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. ट्रंक उपसली. काही सापडलं नाही, म्हणून सोडलं. पण आमच्या गावच्या मंडळाची मुंबईत बैठक भरली. पोलीस खोलीत आले म्हणजे गावाचं नाव गेलं, असं ठरलं. काकांकडून किल्ली काढून घेतली आणि कार्डावरचं त्यांचं नाव कमी केलं. माझं राहिलं. काका पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले. वाडीत त्यांना कुणी तोंडावर काही बोलत नसे. पण लग्नाकार्यात जिन्नस सांभाळायला कोठीत बसवायचं काम आधी हक्कानं त्यांचं असायचं, ते दुसऱ्याला गेलं.

मी गावी जायचं टाळू लागलो. पालीच्या स्टँडवर एसटी थांबली की खिडकीतून तोंड आत घ्यायचो.

दोन वर्षांनी काका आपणहून आमच्या दारात उभे राहिले. सिव्हिल हॉस्पिटलात डोळा दाखवायला आले होते. एका डोळ्यावर हिरवं फडकं.

“आहेस काय रे घरात?”

बायकोला विलक्षण आनंद झाला. सासरचं वडील माणूस. “काका, जेवल्याशिवाय सोडायची नाही.”

“जेवायलाच आलोय गो. हॉस्पिटलात कुठली सोलकढी?”

ती आत गेली. मी समोर बसलो. आम्ही भाताचं बोललो, पाण्याचं बोललो. मग आत मिक्सर सुरू झाला. नारळाचा रस काढायचा होता. घर त्या आवाजानं भरलं, आणि काका माझ्याकडे सरकले. चांगला डोळा माझ्या तोंडाशी आणला.

“बरा चालतो रे अजून.”

“हो.”

“मीच चढवलेला एसटीत. खोका धाकट्याला पेलवंना. डोक्यावर घेऊन परळच्या डेपोपर्यंत मी आणला.” मग आणखी जवळ आले. “चौकीत मला विचारलानी, मिक्सर कुठं लपवलास? दोनदा कानफटात दिलानी. मी म्हटलं, साहेब, मिक्सर म्हंजे काय ते मला म्हायत नाय.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून या माणसाला सगळं ठाऊक होतं. मिक्सर कुठल्या घरात आहे, कुठल्या ओट्यावर आहे, हे चौकीत बसून त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं.

“का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? तुझ्या आवशीचे दोन झील, दोन्ही पोरं आत?” ते म्हणाले. “एक जाता, तर एक तरी ऱ्हायला असता. पण तुझं कायम व्हायचं होतं ना तवा.”

मी म्हणालो, “मी मंडळाला पत्र लिहितो, काका. सगळं लिहितो. उद्याच.”

“आता नको लिवूस. धाकट्याचं लगीन ठरलंय ना?”

आणि त्यांनी तसं म्हटल्याबरोबर मला हायसं वाटलं. लिहायला नको म्हणून. छातीवरचं ओझं कुणी उचलून घ्यावं, तसं. दोनदा कानफटात खाल्लेल्या माणसासमोर बसून मला हायसं वाटलं. हे एक वाक्य लिहायला मला बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त वर्षं लागली.

आतला मिक्सर बंद झाला. काका लगेच मागे सरकले आणि मोठ्यानं म्हणाले, “यंदा काजू बरा आलाय गो सूनबाई, पाठवतो हो.”

तेव्हा कळलं की, ते आवाजाचा अंदाज घेऊनच बोलत होते. तिला एक शब्द ऐकू जाऊ नये म्हणून. मला त्यांचे पाय धरायचे होते. चुकलो म्हणायचं होतं, तेवढा एकच शब्द. पण तिला ऐकू गेलं असतं. मी मिक्सर पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत बसलो. वाटलं, रस दोनदा काढतात, दुसऱ्यांदा फिरवील. आताच फिरवील.

ती सोलकढीच्या वाट्या घेऊन बाहेर आली.

पुढच्याच वर्षी काका गेले. मंडळाला मी पत्र लिहिलं नाही. मिक्सर आणखी सात वर्षं चालला, मग मोटार जळाली. बायकोनं भांडी ठेवून घेतली. त्यातल्या एकात ती मेथीदाणे ठेवते. हे लिहिलेलं वाचल्यावर ती त्या भांड्याचं काय करील, मला माहीत नाही. ते तिचं तिनं ठरवायचं. मंडळासाठी याची एक प्रत वेगळी काढली आहे. खाली सही केली आहे, रेघ आणि दोन ठिपके न देता, पूर्ण नाव लिहून.